एक रुपयाची बोली

मालवण तालुक्यातल्या आचरा तिठ्यावरून पिरावाडीकडे चालत निघालं की बंद घरं दिसू लागतात. चिऱ्याचं जोतं, कौलांवर शेवाळ, खळ्यात माजलेलं रान आणि दाराला गंजकं कुलूप. कुलपाच्या कडीत कधीकधी घडी घातलेला एक कागद खोचलेला असतो. ते ग्रामपंचायतीचं मागणी बिल असतं. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, मागील बाकी, एकूण. पावसाने शाई फुटलेली असली तरी नाव वाचता येतं, आणि पुष्कळदा त्या नावाचा माणूस जाऊन एक पिढी उलटलेली असते. नातवंडं विरारला नाहीतर डोंबिवलीला. गणपतीला येतात, घर उघडतात, झाडतात, आणि पहिल्या चहाची चूल त्याच कागदाने पेटवतात.

सागरी महामार्गाच्या चर्चेने किनाऱ्यावरच्या जमिनीला भाव आल्यापासून अशा घरांकडे बघून एक प्रश्न हमखास विचारला जातो. कर थकलेली मालमत्ता सरकार लिलावात काढतं ना? मग ती थकबाकीच्या पैशांत आपल्याला मिळेल का? अमेरिकेत काउंटीच्या लिलावात घरं अशी मिळतात, असे व्हिडिओ अनेकांनी मोबाइलवर पाहिलेले असतात.

लिलाव आपल्या कायद्यातही आहे, आणि बराच जुना आहे. पण तो घेणाऱ्याच्या सोयीसाठी रचलेला नाही. त्याचा हेतू वसुलीचा. जमीन विकणं हा त्यातला शेवटचा उपाय, आणि तो होऊन गेल्यावरही थकबाकीदाराला परत यायला वाट ठेवलेली असते. घेणाऱ्याने आधी हे समजून घेतलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

पट्टी दोन, वाटा दोन

गावातल्या मालमत्तेवर मुख्यत्वे दोन आकारण्या असतात. जमिनीचा शेतसारा, ज्याला सातबारावर ‘आकार’ म्हणतात, तो महसूल खात्याचा. त्याचं वर्ष 1 ऑगस्टला सुरू होतं आणि 31 जुलैला संपतं. घरपट्टी ग्रामपंचायतीची, आणि तिचं वर्ष एप्रिल ते मार्च.

शेतसारा म्हणजे राज्याचा जमिनीतला वाटा. आचऱ्यात हे वेगळं सांगायला नको. इथल्या देवस्थानाचं नावच ‘इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान’ असं लावलं जातं. इनाम म्हणजे राजाने आपला महसुली हक्क दुसऱ्याला देऊन टाकणं. तो हक्क देवाला दिला की देव इनामदार. जमीन कसणाऱ्याची असली तरी तिच्यावर महसुलाचा पहिला हक्क राज्याचा, या जुन्या समजुतीवरच आजचा कायदा उभा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हीही तेच म्हणते: त्या जमिनीच्या महसुलाची बाकी आधी, बँक आणि सावकार नंतर.

महसूल थकला तर दंड बाकीच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातो. वसुलीच्या पायऱ्या कलम 176 मध्ये दिल्या आहेत. मागणीची नोटीस, भोगवट्याची जमीन सरकारजमा करणं, जंगम वस्तूंची जप्ती आणि विक्री, स्थावराची जप्ती आणि विक्री. थकबाकीदाराला अटक करून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे.

घरपट्टीची वाट थोडी लांबची. ग्रामपंचायत आधी बिल देते, मग मागणीचा आदेश बजावते, त्यानंतर घरातल्या जंगम वस्तू जप्त करू शकते. एवढं करूनही वसुली झाली नाही तर बाकीदारांचा तपशील तहसीलदाराकडे जातो, आणि ती रक्कम ‘जमीन महसुलाची थकबाकी’ समजून वसूल करता येते. हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. सहकारी संस्थांची काही येणी असोत की फ्लॅटचा ताबा रखडवणाऱ्या बिल्डरवर महारेराने काढलेलं वसुलीचं वॉरंट असो, या तीन शब्दांनिशी ती सगळी जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर येतात आणि त्यांच्या वसुलीसाठी मालमत्तेचा लिलाव होऊ शकतो.

प्रत्यक्षात दोन-चारशे रुपयांच्या घरपट्टीसाठी कुणी घर लिलावात काढत नाही. त्याऐवजी लोकअदालतीची नोटीस येते. कोर्टाचं नाव बघून घरातली म्हातारी माणसं घाबरतात, पुतण्या मुंबईहून पैसे पाठवतो आणि बाकी मिटते. गावातला सगळ्यात लागू पडणारा धाक मात्र निवडणुकीचा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पट्टी न भरणारा ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. त्यामुळे निवडणूक जाहीर झाली की काही घरांची वर्षानुवर्षांची बाकी एका सकाळी भरली जाते.

शहरांत चित्र निराळं. मालमत्ताकर हे महापालिकेचं मोठं उत्पन्न, शिवाय शास्ती दरमहा 2 टक्क्यांनी चढते. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्यापासून गाळ्यांना टाळं ठोकण्यापर्यंत सगळे प्रयोग महापालिकांनी केले आहेत. तिथे लिलावाच्या जाहिराती खरोखर निघतात. पण त्यातल्या कितीतरी मालमत्ता लिलावाच्या आदल्या दिवशी मागे घेतल्या जातात, कारण जाहिरात छापून आली की मालक धनादेश घेऊन हजर होतो. वसुली करणाऱ्याला हवं असतं ते हेच.

बोलीपासून ताब्यापर्यंत

तरीही लिलाव झालाच, तर त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मराठीतून उद्घोषणा. ती तहसील कचेरीत आणि गावच्या चावडीवर लावायची, दवंडी पिटायची. जुन्या कायद्यातला हा ढोल आजही कागदावर शिल्लक आहे. उद्घोषणेनंतर किमान 30 दिवस गेल्याशिवाय स्थावराची विक्री करता येत नाही.

बोली जिंकणाऱ्याने 25 टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची. ती भरली नाही तर मालमत्ता लगेच पुन्हा लिलावात निघते. उरलेली 75 टक्के ठरल्या मुदतीत भरली नाही तर आधीची अनामत जाते. पैसे तयार नसताना बोली लावणं म्हणजे चौथा हिस्सा जुगारात लावणं. कर्ज काढून भरू म्हणाल, तर लिलाव कायम झालेला नाही आणि कागद आपल्या नावावर नाहीत, अशा मालमत्तेवर कर्ज द्यायला बँक सहसा धजत नाही.

पैसे भरले म्हणून जमीन आपली झाली, असंही नाही. विक्रीनंतर 30 दिवसांच्या आत मूळ मालक थकबाकी भरून आणि वर खरेदीच्या रकमेच्या 5 टक्के घेणाऱ्याला भरपाई देऊन विक्री रद्द करून घेऊ शकतो. त्याच 30 दिवसांत, उद्घोषणेत किंवा विक्रीत गंभीर चूक झाली आणि त्यामुळे आपलं नुकसान झालं, असा अर्जही त्याला करता येतो. हे दोन्ही दरवाजे बंद झाल्यावर जिल्हाधिकारी विक्री कायम करतो. प्रमाणपत्र आणि ताबा त्यानंतरचा.

कोकणात दुसरा दरवाजा भलताच मोठा आहे. नोटीस सातबारावरच्या नावाने निघते, आणि ते नाव मयताचं असतं. वारसनोंद झालेली नसते. वारस आठ ठिकाणी विखुरलेले, त्यातला एक मस्कतला. नोटीस नीट बजावलीच नव्हती, एवढा एक मुद्दा पुढे वर्षानुवर्षं घेणाऱ्याचे पाय ओढत राहतो.

हाती नेमकं काय येतं

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा. ज्या जमिनीचा महसूल थकला, तीच जमीन सरकारजमा करून विकली तर ती आधीच्या भोगवटादाराने केलेल्या बोजांपासून मोकळी होऊन येते. पण बाकी एका गोष्टीची आणि विकली दुसरीच मालमत्ता, असं असेल तर घेणाऱ्याला फक्त थकबाकीदाराचा त्या मालमत्तेतला ‘हक्क, अधिकार आणि हितसंबंध’ मिळतो. त्याचं जे होतं तेवढंच. त्याचा सहावा हिस्सा असेल तर आपल्यालाही सहावाच.

मालवण तालुक्यातला एखादा जुना सातबारा हातात घेऊन बघा. भोगवटादारांची यादी कधीकधी दुसऱ्या पानावर जाते. प्रत्येकाच्या नावापुढे आणे-पैचा हिस्सा, आणि जमीन सगळी मिळून काही गुंठे. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला पाण्याचा वाटा. अशा उताऱ्यातला एक हिस्सा लिलावात घेणारा जमीन घेत नाही. भावकीच्या वादात एक खुर्ची विकत घेतो.

त्यानंतर प्रश्न येतो, आपण घेऊ तरी शकतो का, हा. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचं कलम 63 याबाबत स्पष्ट आहे. जमीन महसुलाच्या थकबाकीसाठी झालेली विक्रीसुद्धा त्या बंदीत येते, असं त्यात शब्दांनीच लिहिलं आहे. ‘सरकारनेच विकली, मग मला बंधन कसलं’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. शेतकरी नसलेल्या मुंबईकराने आधी कलम वाचावं, मग अनामत भरावी.

आचऱ्यासारख्या किनाऱ्यावर आणखी काही पदर आहेत. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची पट्टी सीआरझेडच्या नियमांत येते, आणि खाडीकाठालाही ते नियम लागतात. माडांच्या बागेतून समुद्र दिसतो म्हणून घेतलेल्या तुकड्यावर घराची परवानगी मिळेलच असं नाही. जिल्ह्यात काही ठिकाणी खाजगी वनाची नोंद सातबारावर आहे. तुकडेबंदीचा कायदा आहे. शिवाय रस्ता. कोकणात अनेक घरांची वाट दुसऱ्याच्या परड्यातून जाते, ती सवयीने आणि गोडीने चालू असते. लिलावात घर मिळालं तरी ती गोडी मिळत नाही.

उलट्या बाजूचा एक गैरसमजही इथे दूर केलेला बरा. ‘वीस वर्षं घरपट्टी मी भरतोय, म्हणजे घर माझं’ असं गावात राहणारा भाऊ म्हणतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. महसुली नोंदी महसूल गोळा करण्यासाठी असतात, त्यांनी मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. दुसऱ्याची पट्टी भरून त्याचं घर मिळवण्याची वाट आपल्याकडे नाही.

अमेरिकेतला बाजार

ती वाट अमेरिकेतल्या काही राज्यांत, एका अर्थी, आहे. तिथे मालमत्ताकरावर काउंटीच्या शाळा आणि रस्ते चालतात, त्यामुळे बाकी लांबवून चालत नाही. फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या राज्यांत काउंटी घर विकत नाही, थकबाकीवरचा हक्क विकते. गुंतवणूकदार मालकाचा कर भरून टाकतो आणि त्याबदल्यात त्याला व्याज मिळतं. बोली उलटी चालते. फ्लोरिडात 18 टक्क्यांपासून सुरुवात, आणि जो सगळ्यात कमी व्याजावर तयार होईल त्याला प्रमाणपत्र. मालकाने मुदतीत पैसे फेडले नाहीत तरच पुढे घर विक्रीला निघतं. टेक्साससारख्या राज्यात मालमत्ताच विकली जाते, पण राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर मालकाला दोन वर्षांपर्यंत ती सोडवून घेता येते. पहिल्या वर्षी 25 टक्के जादा मोजून, दुसऱ्या वर्षी 50 टक्के.

तिथे हा गुंतवणुकीचा धंदा आहे, मोठ्या कंपन्याही त्यात आहेत. आणि तिथेच 2023 साली एक खटला गाजला. मिनेसोटा राज्यातल्या हेनेपिन काउंटीत जेराल्डिन टायलर या आजीबाईंच्या फ्लॅटवर कर, व्याज आणि दंड मिळून सुमारे 15,000 डॉलर बाकी होती. काउंटीने तो फ्लॅट 40,000 डॉलरला विकला आणि वरचे 25,000 डॉलरही स्वतःकडेच ठेवले. आजीबाई 94 वर्षांच्या असताना सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: बाकी घ्या, पण बाकीपेक्षा जास्त घेता येणार नाही.

आपल्या संहितेत हे तत्त्व आधीपासून आहे. लिलावाच्या रकमेतून थकबाकी आणि खर्च वजा करायचा, उरलेले पैसे ज्याची मालमत्ता विकली त्याला द्यायचे. वाचून बरं वाटतं. पण त्यासाठी लिलावात बोली लागावी लागते.

बोली लावतलो कोण?

इथे आपण संहितेतल्या सगळ्यात चमत्कारिक कलमाशी येतो. लिलाव पुकारला आणि कुणीच बोली लावली नाही तर? कलम 220 म्हणतं, जिल्हाधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या कुणाला तरी एक रुपयाच्या नाममात्र बोलीवर ती जमीन सरकारसाठी घ्यायला सांगावं. एक रुपया. थकबाकीतला एक रुपया वळता झाला, जमीन सरकारच्या नावावर चढली, आणि मालकाला द्यायला उरलं काही नाही. हेनेपिन काउंटीने निदान 40,000 डॉलरला विकून मग वरकड गिळली होती. इथे वरकड निघायला जागाच नाही.

आणि बोली न लागणं हा गावात अपवाद नव्हे. जमीन ओळखीच्या माणसाची. त्याच्या बापाच्या तेराव्याला आपण जेवलेलो. उद्या देवळात, पालखीत, मयतीत त्याच्याच शेजारी उभं राहायचं. मालवणीत विचारतात तसं, ‘भावकीच्या जमनीर बोली लावतलो कोण?’ पैसा असलेला गप्प बसतो, नसलेल्याचा प्रश्नच नाही. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाट मिळत नाही, पाणी मिळत नाही, गडी मिळत नाही.

या गप्प बसण्याला मुंबई इलाख्याच्या इतिहासात एक मोठा दाखला आहे. 1928 साली बारडोली तालुक्यात सरकारने सारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला. सरकारने गुरं जप्त केली, जमिनी सरकारजमा केल्या, काही विकल्याही. गावांनी सरकारी अंमलदारांवर आणि जमीन घेणाऱ्यांवर बहिष्कार टाकला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, जमिनी परत मिळाल्या, आणि नंतरच्या चौकशीत वाढ 6 टक्क्यांच्या आसपास आणली गेली. बारडोलीत घेणाऱ्याला अडवण्यासाठी चळवळ लागली. शांत काळात तेच काम भावकी करते, कुणी न सांगता.

फरक एवढाच, की बारडोलीतल्या जमिनी परत गेल्या. बोलीवाचून पडलेल्या जमिनी सरकारच्या नावावर राहिल्या. महसुली भाषेत त्यांना ‘आकारीपड’ म्हणतात. आकार थकला म्हणून पडलेली. सिंधुदुर्गात हा शब्द नवा नाही. कुणाच्या आजोबाने शेतसारा भरला नाही, कुणी दुष्काळात किंवा अडचणीत घेतलेली तगाई फेडली नाही, आणि सातबारावर भोगवटादाराच्या जागी ‘सरकार’ लागलं. घरच्यांना पत्ता नाही. जमीन तेच कसत राहिले, काजू तेच तोडत राहिले. तीस-चाळीस वर्षांनी पीककर्जासाठी उतारा काढला तेव्हा कळलं, की आपण सरकारी जमिनीत उभे आहोत.

कायद्यात परतीची वाट होती, पण ती 12 वर्षांची. तेवढ्या मुदतीत बाकी आणि व्याज भरलं तर जमीन परत. त्यानंतर आलेल्या वारसांना हात हलवत जावं लागे. जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कलम 220 मध्ये सुधारणा करायचा निर्णय घेतला, तो या लोकांसाठी. रेडी रेकनरप्रमाणे जमिनीच्या किमतीच्या 5 टक्के रक्कम भरली की आकारीपड जमीन मूळ शेतकऱ्याला किंवा त्याच्या वारसांना परत. त्या वेळी सरकारने दिलेला आकडा 963 शेतकऱ्यांचा आणि 4,849 एकरांचा होता. एक रुपयाला गेलेल्या जमिनीसाठी आजच्या भावाच्या वीस भागांतला एक भाग मोजायचा. महाग म्हणावं की स्वस्त, हे ज्याची जमीन गेली त्यालाच विचारावं. पण एवढं खरं, की या व्यवस्थेत सगळ्यात स्वस्त खरेदी करणारा गुंतवणूकदार कधी बाहेरचा नव्हता. तो सरकार होता.

म्हणून लिलावात स्वस्त जमीन शोधणाऱ्याला सांगायचं ते इतकंच: तीस वर्षांचे फेरफार वाचा, ‘इतर हक्क’ वाचा, मोजणीचा नकाशा घ्या, जागेवर जाऊन कोण राहतं ते बघा, आणि गावात दोन दिवस राहून कानोसा घ्या. एवढं करूनही बोली लावावीशी वाटली तर लावा. पण जमीन राखणाऱ्यांची संख्या जमीन शोधणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यांच्यासाठीचं काम याहून सोपं आहे.

गाव सोडणं आचऱ्याला नवं नाही. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट. मागे घराला राखण नसते. मग परतीचा कौल लागतो आणि जो तो आपापल्या घरात शिरतो. कुठलं घर कुणाचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. मुंबईला गेलेल्याची गावपळण मात्र तीन दिवसांची नसते, आणि महसुली कागद कौलाची वाट बघत नाहीत.

तेव्हा या गणपतीला घर उघडल्यावर तो कडीतला कागद आधी उलगडून वाचावा. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बाकी भरून पावती घ्यावी. तलाठ्याकडून, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सातबारा आणि आठ-अ काढून आजोबांच्या नावाच्या जागी आपली नावं लागली आहेत का, आणि भोगवटादाराच्या रकान्यात भलतंच काही तर नाही ना, ते डोळ्यांनी बघावं. आकार रुपयांत आणि पैशांत लिहिलेला असेल, बघून हसू येईल इतका. चूल पेटवायला दुसरा कागद शोधावा.